पूर्व परीक्षा तोंडावर आलीय आणि डोकं जड झालंय, ताजं कसं ठेवता?

सातरस्ता

नमस्कार मंडळी. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वला तीन आठवड्यांहून कमी दिवस उरलेत. अभ्यास कसा करावा यावर इथे ढिगाने धागे आहेत, त्यामुळे ते विचारत नाही. माझा अभ्यास बऱ्यापैकी झालाय, पण डोक्यात काही शिरेनासं झालंय. पॉलिटीचं (राज्यव्यवस्थेचं) जे प्रकरण डोळे मिटून सांगता यायचं, त्याचीच एकेक ओळ आता तीनतीनदा वाचतोय. टेस्ट सिरीजचे मार्क वर जायच्या ऐवजी खाली आलेत. रात्री एकला आडवा होतो आणि अडीचपर्यंत कूस बदलत राहतो.

घर म्हणजे चाळीतली एक खोली, माणसं चार. सकाळी अर्धवेळ नोकरी, दुपारपासून अभ्यासिका, रात्री सगळे झोपले की गॅलरीत बाकड्यावर मी आणि ट्यूबलाइट. मुंबईत शांतता मिळणार नाही हे मान्यच आहे. पण ज्यांनी यातूनच परीक्षा दिल्यात त्यांनी खरं खरं सांगा, शेवटच्या दिवसांत मन ताळ्यावर कसं ठेवलंत? 'पॉझिटिव्ह राहा' एवढं सोडून काहीही चालेल.

करी_रोडची

आधी टेलिग्रामचे सगळे ग्रुप म्यूट कर. आत्ता, हे वाचून झालं की लगेच. कटऑफ किती लागणार, परीक्षा पुढे जाणार का, अमक्याची किती रिव्हिजन झाली, यातलं एकही तुझ्या हातात नाही. तारखेची बातमी आयोगाच्या वेबसाइटवर येते, तीच खरी.

गिरगावातला

माझं मत जरा वेगळं आहे. शांत व्हायच्या मागे लागूच नका. परीक्षेआधी पोटात गोळा येणारच, यायलाच हवा. यर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग करून मांडलेलं अजून शिकवतात: थोडा ताण असला की काम सुधारतं, फार झाला की बिघडतं. अजिबात ताण नसलेला मुलगा परीक्षेत पेंगतो. तेव्हा 'मला टेन्शन आलंय' याचंच टेन्शन घेऊ नका. छाती धडधडतेय तर धडधडू द्या आणि पुढचा प्रश्न वाचा.

नायगावची_ताई

@गिरगावातला, पटलं, पण अर्धंच. सातरस्ताला नुसती धडधड नाहीये, त्याची झोप उडालीय. दोन्ही एकाच मापाने मोजू नका.

ओपीडी_नंतर

ताई बरोबर बोलल्या. मी डॉक्टर आहे आणि केईएमच्या आसपासच्या चाळींतली बरीच मुलं परीक्षेच्या हंगामात हेच सांगत येतात. सातरस्ता, ओळ तीनदा वाचावी लागते तेव्हा अभ्यास विसरलेला नसतो, झोप कमी पडलेली असते. दिवसा वाचलेलं पक्कं बसायचं बरंचसं काम मेंदू झोपेत करतो. त्या तासांवर डल्ला मारून आणखी पानं वाचलीत तर ती पानं नुसती नजरेखालून जातात.

आजपासून उठायची वेळ पक्की करा, झोपायची नको. सहा म्हणजे सहा, रविवारीसुद्धा. चार-पाच दिवसांत रात्रीची झोप आपोआप अलीकडे सरकते. आडवं होऊन पंधरा-वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर तळमळत पडू नका. उठून गॅलरीत बसा, फोन न घेता, पेंग आली की परत या. चहा-कॉफी दुपारी तीन-चारनंतर बंद. पोटात गेलेल्या कॅफिनपैकी अर्धं शरीरातून जायलाच साधारण पाच तास लागतात. रात्री दहाच्या चहावर एकला झोप कशी येईल?

अजून एक, हे जरा कळकळीने सांगतो. परीक्षेआधी हात थरथरू नयेत म्हणून काही मुलं मित्राकडून प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेतात. असं करू नका. दमा असलेल्या माणसाला तिने श्वास कोंडून जिवावर बेतू शकतं. झोपेच्या गोळ्यांचंही तेच, डॉक्टरला न विचारता नाही.

सातरस्ता

डॉक्टर, रात्रीचा अभ्यास सोडला तर घरात शांत वेळच उरत नाही हो. पाचला पाणी येतं, तेव्हापासून बादल्या आणि कळशा सुरू.

ओपीडी_नंतर

मग पाचलाच उठा, पाणी भरा आणि बसा. रात्री साडेदहाला झोपलात तरी साडेसहा तास होतात. दुपारी अभ्यासिकेत वीस मिनिटं मान टेकवा, त्याहून जास्त नको. एकदम एकवरून साडेदहावर उडी घेऊ नका, रोज थोडं थोडं अलीकडे या.

माटुंगा_पूर्व

आणखी एक कारण आहे रात्र सोडायचं. पेपर दिवसा असतो. रात्री बारा ते दोन तल्लख असणारं डोकं सकाळच्या पेपरला अर्धवट झोपेत असेल तर काय उपयोग? आता सगळ्या टेस्ट प्रत्यक्ष पेपरच्याच वेळेला सोडवा. सकाळी जीएस म्हणजे सामान्य अध्ययन, मध्ये सुट्टी, दुपारी सीसॅट म्हणजे उतारे-बुद्धिमापनाचा पेपर, त्याच क्रमाने. मी फाइव्ह गार्डन्सच्या बाकावर बसून सोडवायचो. शेजारी क्रिकेट, मागे आजोबांचा हास्यक्लब, समोर भेळवाला. पहिल्या दिवशी चिडचिड झाली, मग त्या आवाजाचीच सवय झाली. परीक्षेच्या दिवशी वर्गाबाहेर कोणी बाक सरकवला तरी मान वर झाली नाही.

शिवडी_मास्तर

मी शिकवतो, म्हणून दोन गोष्टी. वाचून शिरत नसेल तर वाचू नका. पुस्तक मिटा, कोरा कागद घ्या आणि त्या प्रकरणातलं आठवेल ते लिहून काढा. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये हे तपासलं होतं. पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला येतंय असं जास्त वाटत होतं, पण आठवड्यानंतर लक्षात जास्त राहिलं ते आठवून लिहिणाऱ्यांच्या. मी हे ताजेपणासाठी सांगतोय. तीच पानं सहाव्यांदा वाचताना डोकं आंबतं, आठवताना ते जागं होतं.

दुसरं, भीती कागदावर उतरवा. रामिरेझ आणि बायलॉक यांचा २०११ चा प्रयोग आहे. परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्याला कशाची भीती वाटते ते मुलांना लिहायला लावलं, आणि जी मुलं जास्त घाबरणारी होती त्यांचे मार्क सुधारले. माझ्या वर्गात मी हे करून घेतो. एका मुलीने पान भरून लिहिलं आणि शेवटची ओळ होती, 'नापास झाले तर बाबा काही बोलणार नाहीत, त्याचीच भीती वाटते.' लिहून झाल्यावर तिने कागदाची चौकोनी घडी घातली, कंपासपेटीत ठेवली आणि पेपर मागितला.

ठाण्याची_आई

धागा एमपीएससीचा आहे, पण विचारते. मुलगी मेडिकलच्या नीटला बसतेय. दुपारी दोन ते पाच पेपर, मे महिन्याचं ऊन, आणि तिला रोज दुपारी जेवल्यावर झोपायची सवय. घरात आम्ही सगळे चवड्यांवर चालतोय, टीव्ही बंद, पाहुणे बंद. तरी ती चिडलेलीच.

माटुंगा_पूर्व

ताई, त्या दुपारच्या झोपेचं आत्तापासून बघा. रोज दोन ते पाच पूर्ण पेपर, १८० प्रश्न, पंख्याखाली, एसी लावू नका. जेवण साडेअकरा-बाराला, हलकं. दीडला केंद्राचं गेट बंद होतं, म्हणून त्या दिवशी जेवण तसंही लवकरच उरकावं लागेल. आणि अर्ध्या बाह्यांचा सुती ड्रेस आणि साध्या चपला आधीच काढून ठेवा, बूट चालत नाहीत. गेटवर कपड्यांवरून अडवलं की मुलं तिथेच रडकुंडीला येतात.

नायगावची_ताई

@ठाण्याची_आई, तुम्हाला मनापासून सांगते, टीव्ही लावा. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी आम्हीही घर असंच चिडीचूप केलं होतं. एक दिवस तो म्हणाला, 'तुम्ही सगळे माझ्याकडे बघत बसलायत असं वाटतं.' दुसऱ्या दिवसापासून आई नेहमीसारखी भाजी निवडत शेजारणीशी गप्पा मारायला लागली, बाबांनी बातम्या लावल्या. पोराचा चेहरा सैल पडला. घरात आपल्यामुळे सगळं थांबलंय, हे ओझं मुलांना पुस्तकांपेक्षा जड जातं. 'झाला का अभ्यास' विचारू नका. 'जेवायला चल' म्हणा, पुरे.

ठाण्याची_आई

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं. आजच लावते टीव्ही.

दिवा_जंक्शन

घरचे गप्प बसतील हो, बाहेरच्यांचं काय? आमच्याकडे लग्नसराईत हळद असली की डीजे. परीक्षेच्या आदल्या रात्री मागच्या मैदानात हळद होती, खिडकीच्या काचा थरथरत होत्या.

करी_रोडची

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. ११२ ला फोन करायचा.

दिवा_जंक्शन

केला होता. आवाज कमी झाला, पण त्याआधी मावशीने थेट मांडवात जाऊन नवऱ्या मुलाच्या आईला सांगितलं की पोराची उद्या परीक्षा आहे. त्या माउलीने डीजे बंद करून बायकांना गाणी म्हणायला बसवलं आणि मला जेवणाचं ताट पाठवलं. गाणी ऐकत ऐकत झोप लागली. शेजाऱ्यांशी आधी बोलून बघा, तारीख सांगून ठेवा. मुंबईतले लोक परीक्षेला मान देतात हा माझा अनुभव आहे.

गिरगावातला

मनापासून पटलं. आमच्या वाडीत दहावीच्या दिवसांत मुलं आपणहून क्रिकेट दुसऱ्या गल्लीत नेतात.

विक्रोळीकर

मी आता शासनाच्या नोकरीत आहे, पूर्व-मुख्य-मुलाखत सगळं पार करून. कोणी न बोललेल्या एका गोष्टीवर जरा सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते पूर्व परीक्षेचं अर्धं गणित तिथे आहे: दोन पेपरमधली सुट्टी.

सकाळचा जीएस देऊन हजारभर मुलं गेटबाहेर पडतात. फुटपाथवर, रिक्षा स्टँडवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर घोळके जमतात आणि सुरू होतं, 'अरे त्या कलमाचं दोन टिक केलंस ना?' 'नाही रे, चार होतं!' दहा मिनिटांत तुमचे पंधरा प्रश्न चुकलेले असतात, निदान तसं वाटतं. मग दुपारी सीसॅटला बसायचं, उतारे वाचायचे, आणि डोक्यात मात्र ते कलम. सीसॅटला ३३ टक्केच लागतात म्हणून मुलं गाफील असतात. पण तो दमलेल्या डोक्याने द्यायचा पेपर आहे, चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो, आणि ३३ टक्के नसतील तर जीएसला कितीही मार्क असोत, उपयोग शून्य.

म्हणून पेपर संपला की त्या घोळक्यात थांबायचं नाही. उजवी-डावीकडे न बघता दोन गल्ल्या चालत जायचं. जागा आधीच हेरून ठेवायची, एखादं देऊळ, उद्यान, बुद्धविहार, रेल्वे स्टेशनचं बाकडं, काहीही. डबा घरचा. दहीभात किंवा पोळीभाजी, पोटभर नाही. खाऊन झालं की चप्पल काढून पाय पसरायचे आणि डोळे मिटायचे. उत्तरतालिका कोणत्याही क्लासची बघायची नाही, म्हणजे नाहीच. फोन केंद्रात नेता येत नाही, तो घरीच ठेवला तर बघायचा प्रश्नही येत नाही.

दुसरं, पेपर हातात आल्यावरचं. प्रश्नपत्रिका सीलबंद असते आणि घंटा होईपर्यंत उघडायची नसते. ती काही मिनिटं सगळ्यात वाईट, तळहात गार पडतात. तेव्हा उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक भरायचं काम असतं, ते अगदी सावकाश करायचं. एकेक आकडा लिहायचा, त्याखालचा गोल काळ्या बॉलपेनने कडेपर्यंत भरायचा, मग पुढचा. हाताला काम मिळालं की श्वास आपोआप जागेवर येतो. पहिले चार-पाच प्रश्न आले नाहीत तर पुढे जायचं. प्रश्न सोप्याकडून अवघडाकडे असे लावलेले नसतात, ओळखीचा सापडतोच.

कोळीवाडा

@विक्रोळीकर, दहीभाताने झोप येते हो! वडापाव का नको?

विक्रोळीकर

वडापाव पाच वाजता, पेपर संपल्यावर. दोन खा.

ओपीडी_नंतर

दहीभात असो की पोळी, रोज खाता तेच खा. त्या दिवशी नवीन काहीही नको, बाहेरचं सरबत तर मुळीच नको. आणि गार तळहातांसाठी: चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, पाच-सहा वेळा. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके थोडे उतरतात. हे आधी घरी रोज करून ठेवा.

परळ_डेपो

मी या सगळ्याच्या विरोधात आहे. शेवटचे दोन आठवडे म्हणजे घासायचे दिवस. ध्यान, श्वास, बाग हे ज्यांचं झालंय त्यांच्यासाठी. करंट अफेअर्स शेवटच्या रात्रीपर्यंत वाचलं तर चार प्रश्न जास्त येतात, आणि चार प्रश्नांवर निकाल फिरतो.

शिवडी_मास्तर

@परळ_डेपो, घासा की, नको कोण म्हणतंय. पण चार प्रश्न मिळवताना झोप गेली तर येणारे आठ हातचे जातात. शेवटच्या दिवशी नवीन काही नको, स्वतःच्या हाताने काढलेल्या नोट्स तेवढ्या चाळा.

परळ_डेपो

ज्याचं त्याचं. मला वाचत बसलं तरच शांत वाटतं, रिकामं बसलो की जीव घाबरा होतो.

नायगावची_ताई

हेही खरं असू शकतं. माझा भाऊ आदल्या दिवशी संध्याकाळी दादर चौपाटीला फिरून आला आणि झोपला, त्याची मैत्रीण रात्री नऊपर्यंत नकाशे बघत होती. दोघंही पास झाले. सातरस्ता, तू टेस्टच्या आदल्या दिवशी दोन्ही करून बघ, तुला काय मानवतं ते कळेल.

विक्रोळीकर

टाळायची एकच गोष्ट सांगतो, तारखेकडे डोळे लावून बसणं. २०२१ च्या मार्चमध्ये १४ तारखेची पूर्व तीन दिवस आधी पुढे ढकलली, पुण्यात मुलं रस्त्यावर आली, मग २१ ला झाली. २०२४ मध्ये २५ ऑगस्टची गेली ती थेट १ डिसेंबरला झाली. जी मुलं 'त्या एका दिवसापर्यंत कसंतरी ताणू' म्हणून जागरणं करत होती ती दोन्ही वेळेला कोसळली. ज्यांचा दिवस नीट बसलेला होता त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुस्तक उघडलं. दिनक्रम असा ठेवा की परीक्षा महिनाभर पुढे गेली तरी तो चालवता येईल.

दिवा_जंक्शन

आणि लोकलचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद! परीक्षा रविवारी, ब्लॉकही रविवारी. मध्य रेल्वेवर बऱ्याचदा माटुंगा–मुलुंड, हार्बरला कुर्ला–वाशी. शुक्रवार-शनिवारी पेपरात वेळापत्रक येतं, ते बघायचंच. रविवारी लोकलही कमी असतात. सातरस्ता, तुझं केंद्र कुठे आलंय?

सातरस्ता

नवी मुंबई, वाशीच्या पुढे.

दिवा_जंक्शन

मग आधीच्या रविवारी त्याच वेळेला घरून निघ आणि गेटला हात लावून ये. स्टेशनवरून रिक्षा मिळते का, चालत किती, हॉलच्या जवळ बसायला जागा कुठे, सगळं बघून ठेव. परतीचा ब्लॉक असला तर असू दे, जातानाचं महत्त्वाचं. ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स, प्रवेशपत्राच्या दोन प्रती, दोन काळे बॉलपेन, पाण्याची बाटली, सगळं शनिवारी दुपारीच एका पिशवीत.

करी_रोडची

पावसाळा असेल तर एक तास आणखी. दादरच्या हिंदमाताला पाणी भरलं की लोक तिथेच.

अंधेरी_पश्चिम

वाचतोय पण लिहीत नव्हतो. माझं नुसतं डोकं जड नाहीये. गेल्या महिन्यापासून काही खावंसं वाटत नाही, आणि हे सगळं संपवून टाकावं असं कधीकधी मनात येतं. परीक्षा झाली की जाईल ना हे?

ओपीडी_नंतर

बरं झालं लिहिलंत. परीक्षेपर्यंत थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीतही बोलतात. आत्ता लावा. आणि घरात किंवा मित्रांत एका माणसाला आजच सांगा, रात्री एकटे राहू नका. उद्या जवळच्या मोठ्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडीत जा, केस पेपर काढून रांगेत बसायचं, बाकी काही लागत नाही. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. मी तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, उत्तर द्या.

नायगावची_ताई

अंधेरी, आम्ही सगळे इथेच आहोत. फोन केलास की एक ओळ टाक.

अंधेरी_पश्चिम

केला. वीस मिनिटं बोललो. मोठ्या भावाला सांगितलंय, तो उद्या सोबत येतोय.

गिरगावातला

शाब्बास मित्रा. परीक्षा दर वर्षी येते.

सातरस्ता

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चार दिवस साडेपाचला उठतोय, काल अकराला झोपलो आणि मध्ये जाग आली नाही. ग्रुप म्यूट केलेत. मास्तरांचं पुस्तक मिटून लिहिणं सुरू केलंय, पंचायतराज अख्खं आठवलं, ७३ व्या घटनादुरुस्तीतले ११ व्या अनुसूचीचे २९ विषय मात्र अर्धेच आले. भीतीचं पान अजून लिहिलेलं नाही, रविवारी लिहीन. येत्या रविवारी केंद्र बघायला निघतोय. त्या बाजूला अजून कोणाचं केंद्र आहे का?

कोळीवाडा

माझं तेच. डबा आणतो.

दिवा_जंक्शन

रविवारी हार्बरला ब्लॉक आहे का ते शनिवारी इथेच टाकतो. असला तर दोघांनी ठाण्यावरून ट्रान्सहार्बरने जा.